मराठीत, की मराठीने?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘शाळेची साठ वर्षांची वाटचाल’ हा विषय सुचवला होता. ती वाटचाल याच स्मरणिकेत इतरांनी माझ्याहून अधिक अधिकाराने लिहिली आहे. पत्र्याच्या तीन खोल्या, पहिले मुख्याध्यापक, पुरात भिजलेली हजेरीपत्रके, हे सारे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. मी केवळ ऐकले. तेव्हा आज मला व्याकरणाविषयी बोलू द्यावे. हा शब्द उच्चारताच समोरच्या काही चेहऱ्यांवर जी छाया पसरली ती माझ्या ओळखीची आहे. तीस वर्षे ती मी वर्गात पाहत आले. ‘ने, ए, शी, नी, शी, ई, ही’ ही ओळ येथील प्रत्येकाने बाकाखाली पाय हलवत घोकलेली आहे. तृतीया विभक्ती. त्यातल्या पहिल्याच अक्षराविषयी, ‘ने’विषयी, मला आज बोलायचे आहे.

त्याला कारण झाली एक वही. दोन वर्षांपूर्वी सहावीच्या मुलांना ‘माझी आजी’ या विषयावर निबंध दिला होता. एका मुलाने लिहिले, ‘दिवाळीत पप्पांनी आजीने साडी दिली.’ मी लाल शाईने ‘आजीने’वर काट मारली, वर ‘आजीला’ लिहिले आणि वही परत केली. मधल्या सुट्टीत तो मुलगा वही घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आला. म्हणाला, “मोठ्या बाई, आमच्या घरी असंच बोलतात.” त्याची आई गुजराती, वडील मराठी. घरी त्याने ऐकलेले वाक्य असे असणार: ‘पप्पाए बाने साडी आपी.’ गुजरातीत ‘बाने’ म्हणजे ‘आईला’. ‘ने’ हा तेथे घेणाऱ्याचा प्रत्यय आहे, देणाऱ्याचा नव्हे. देणाऱ्याला ‘ए’ लागतो. मराठीत ‘आजीने साडी दिली’ म्हटले की देणारी आजी असते आणि गुजरातीत तोच ‘ने’ लागला की साडी आजीच्या हाती येते. एका अक्षराने दाता आणि घेता यांची अदलाबदल होते, आणि या बडोद्यात आपली मुले सकाळी एका ‘ने’मधून निघून दुपारी दुसऱ्या ‘ने’मध्ये पोहोचतात. माझी लाल काट चुकीची नव्हती. पण ती फार सोपी होती, असे मला त्या दिवशी वाटले.

या शहरात एक तिसरा ‘ने’ही आहे, हिंदीचा. ‘राम ने आम खाया.’ हा मराठीसारखाच वाटतो, परंतु त्याला एकच काम नेमून दिलेले आहे: भूतकाळातील सकर्मक क्रियेच्या कर्त्यामागे उभे राहणे. चाकूच्या मागे हिंदी ‘ने’ कधी उभा राहणार नाही. तेथे ‘से’ येतो. हा ‘से’ मात्र घरातल्या मोलकरणीसारखा, सांगाल ते करणारा. चाकू से काटा, घर से निकला, राम से मिला, राम से बड़ा, मुझ से नहीं होता. या पाच जागी मराठीला पाच वाटा धरणे भाग पडते: चाकूने, घरून, रामाला किंवा रामाशी, रामापेक्षा, माझ्याने. गुजराती ‘थी’देखील चाकू आणि घर दोन्ही सांभाळतो. म्हणून आमच्या पहिलीतील मुले ‘पेनथी लिहू का, बाई?’ असे विचारतात. त्यात मला गोडवाच वाटतो, रागवावेसे वाटत नाही. ‘पेनने’ म्हणणाऱ्यांवरही मी आता रागवत नाही. सामान्यरूपाचा कंटाळा पुण्यातल्या मुलांनाही येऊ लागला आहे, त्याचे खापर बडोद्यावर का फोडावे? पण आजीच्या साडीची गोष्ट वेगळी. जी चूक अर्थ उलटा करते ती चूक, आणि जी केवळ कानाला खटकते ती सवय. शिक्षकाला हा भेद करता आला पाहिजे. मलाही तो उशिराच करता आला.

आता थोडे मागे जाते. संस्कृतात माझ्या पिढीने जे वाक्य फळ्यावरून उतरवून घेतले असते त्या जातीचे एक साधे वाक्य घ्या: ‘बालकेन लेखन्या पत्रं लिखितम्.’ मुलाने लेखणीने पत्र लिहिले. लिहिणारा मुलगा तृतीयेत, ज्याने लिहिले ती लेखणीही तृतीयेत. करणारा आणि करण्याचे साधन यांना पाणिनीने एकाच विभक्तीत बसवले आहे. ‘अष्टाध्यायी’च्या दुसऱ्या अध्यायात ते एका छोट्या सूत्रात सांगून टाकले आहे. सुमारे ४,००० सूत्रांच्या त्या ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे, जी मला नेहमी थक्क करते. ‘करण’ म्हणजे काय, हे सांगताना पाणिनी नुसते ‘साधन’ म्हणत नाही. तो ‘साधकतम’ म्हणतो. क्रिया सिद्धीस जाण्यास मदत करणाऱ्या अनेक गोष्टी असतात. लिहिताना कागद, दिवा, बसायची जागा, शाई, सारे लागते. त्यांतील जी सर्वांत निकटची, जिच्यावाचून क्रिया तडीस जाणारच नाही, ती ‘करण’. हा ‘तम’ मुलांनी लक्षात ठेवावा असे मी सांगत असते.

याच विभक्तीची इतर कामेही त्या ग्रंथात नोंदलेली आहेत. एखाद्या अवयवामुळे व्यंग असेल तर त्या अवयवाला तृतीया. आपण आजही ‘पायाने अधू’ म्हणतो. ठरावीक काळात काम पुरे झाले तर त्या काळालाही तृतीया. सोबतीलाही तृतीया, मात्र सोबत गेलेला जो गौण असेल त्याला. बाप मुलासह आला, तर मुलगा तृतीयेत, कारण येण्याचा मान बापाचा. घरात कोण मुख्य, कोण पाहुणा, हेही व्याकरणाला कळत होते.

त्या पत्र लिहिणाऱ्या मुलाकडे पुन्हा पाहू. मराठीत ‘मुलाने लेखणीने पत्र लिहिले’. दोन्ही जागी ‘ने’. हिंदीत ‘लड़के ने कलम से’, गुजरातीत ‘छोकराए पेनथी’. या तीन शेजाऱ्यांत कर्ता आणि करण यांना आजच्या रोजच्या बोलण्यात सरसकट एकाच प्रत्ययाखाली ठेवणारी मराठीच उरली आहे. यात मराठीचा मोठेपणा आहे असे मी म्हणत नाही; कधीकधी घोटाळाच होतो. ‘किल्लीने दार उघडले’ यात किल्ली कर्ता की करण? ‘वाऱ्याने दार उघडले’ यात वारा कोण? सातवीच्या वर्गात या दोन वाक्यांवर अर्धा तास सहज जातो आणि त्या अर्ध्या तासात मला व्याकरण शिकवावे लागत नाही. ते आपोआप होते.

आपल्या भाषेच्या इतिहासात ही तृतीया इतकी खोल रुतलेली आहे की पुष्कळदा ती ओळखूही येत नाही. जुन्या पत्रांतून ‘म्यां केले’, ‘त्वां सांगितले’ अशी रूपे आढळतात, ती तृतीयेची. भाषेच्या इतिहासाचे अभ्यासक हिंदीतल्या ‘मैं’चे मूळ संस्कृत ‘मया’ या तृतीयेच्या रूपापर्यंत नेतात. म्हणजे ‘मैंने’ म्हणताना हिंदी भाषक तृतीयेवर तृतीया चढवतो. आपण मराठीत ‘मी आंबा खाल्ला’ म्हणतो, ‘मीने’ म्हणत नाही, आणि हिंदी मालिका पाहून आलेले मूल ‘मीने’ म्हणाले की आजी दचकते. ‘जेणेकरून’, ‘तेणेकरून’ यांतील ‘जेणे’, ‘तेणे’ हीदेखील जुनी तृतीयाच. रजेच्या अर्जात ‘जेणेकरून’ लिहिताना आपण सातशे वर्षांपूर्वीची मराठी लिहीत असतो. ‘सुखेनैव जा’, ‘येन केन प्रकारेण’ या तर सरळ संस्कृत तृतीया. आणि शाळेच्या दारावर जी पाटी आहे, ‘कृपया पादत्राणे बाहेर काढावीत’, त्यातला ‘कृपया’ म्हणजे ‘कृपेने’. साठ वर्षे ही पाटी वाचत आपण तृतीयेतूनच आत येत आहोत.

विद्यापीठात शिकत असताना मी दोन वर्षे संध्याकाळच्या रशियनच्या वर्गाला जात असे. पुढे ती भाषा बरीचशी विसरले, पण तिची तृतीया विसरले नाही. रशियनमध्ये या विभक्तीचे नावच ‘निर्माण करणे’ या धातूवरून पडले आहे. पेन्सिलीने लिहायचे तर पेन्सिलीच्या नावाचा शेवट बदलतो, ‘करांदाश’चे ‘करांदाशोम’ होते. वेगळा शब्द लागत नाही. मित्रासोबत जायचे तर मात्र त्याच विभक्तीआधी ‘स’ हे अव्यय यावे लागते. पेन्सिल आणि मित्र यांत रशियन एवढे अंतर राखते. उन्हाळा, सकाळ अशा काळवाचक नामांनाही तेथे हीच विभक्ती लागते. पण मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी: ‘ती शिक्षिका झाली’ या वाक्यात ‘शिक्षिका’ हा शब्द रशियन माणूस तृतीयेत ठेवतो. आपण प्रथमेत ठेवतो. माणूस जे होतो, जे काम अंगावर घेतो, ते जणू त्याच्या हातातील साधनच. तीस वर्षे शिक्षिका राहिल्यावर मला ही रशियन समजूत अगदीच परकी वाटत नाही.

मित्र आणि अवजार यांतील हे अंतर सगळ्याच भाषा राखत नाहीत. इंग्रजी ‘विथ’ चाकूलाही लागतो आणि मित्रालाही. तेलुगूचा ‘तो’ही तसाच: ‘कत्तितो’ म्हणजे सुरीने, ‘रामुडितो’ म्हणजे रामाबरोबर. हंगेरियनमध्येही एकच प्रत्यय दोन्हीकडे. तमिळ मात्र साधनाला ‘आल’ आणि सोबतीला ‘ओडु’ असे दोन वेगळे प्रत्यय ठेवते. कन्नडचा ‘इंद’ साधन आणि ‘पासून’ यांना एकत्र बांधतो. बंगालीत सुरीने कापायचे तर ‘छुरि दिये’, अक्षरशः ‘सुरी देऊन’. तेथे साधन म्हणजे क्रियेला दिलेले काहीतरी. आपली मराठी साधनाला ‘ने’ देते आणि सोबतीला ‘शी’. मात्र या ‘शी’चा स्वभाव मोठा गमतीचा: बोलणे रामाशी, लग्न सीतेशी आणि भांडण रावणाशी. मैत्री व वैर दोन्ही एकाच प्रत्ययावर चालतात. पालकसभेत हे मला नेहमी आठवते.

लॅटिनमध्ये तृतीया स्वतंत्र उरली नाही, ती पंचमीत विरघळली, ग्रीकमध्ये चतुर्थीत. इंग्रजीतही ती एके काळी होती. तिची एक खूण आजही प्रत्येक मुलाच्या तोंडी आहे: ‘व्हाय’ हा शब्द ‘व्हॉट’च्या जुन्या तृतीयेपासून आलेला आहे. म्हणजे ‘व्हाय’ची मूळ छटा ‘कशाने?’ अशी. मी विज्ञानाच्या शिक्षकांना गमतीने सांगत असते की मुलांना ‘बर्फ का वितळतो?’ असे विचारू नका, ‘कशाने वितळतो?’ असे विचारा. ‘का’ला उत्तर मिळते, ‘कारण तो वितळतोच’. ‘कशाने’ला उष्णता शोधावी लागते.

इथवर जे बोलले ते वर्गातच बोलता आले असते. आज या मांडवात बोलण्याचे कारण वेगळे आहे, आणि त्यासाठी मला एका पातेल्याची मदत घ्यावी लागणार आहे.

संस्कृत वैयाकरणांनी, पतंजलीपासून भर्तृहरीपर्यंत, एक उदाहरण पुन्हा पुन्हा चर्चेला घेतले आहे. पातेल्यात भात शिजतो. येथे पातेले हे अधिकरण, म्हणजे जागा, सप्तमी. पण कोणी म्हणेल, पातेल्याने भात शिजतो. हे पातेले असे पातळ, असे घडवलेले की त्यानेच काम होते. तेव्हा तेच पातेले करण होते, तृतीया. आणि कोणी म्हणेल, हे पातेलेच भात शिजवते. मग ते कर्ता. पातेले तेच, भात तोच, विस्तवही तोच. बदलते ती बोलणाऱ्याची विवक्षा, त्याला काय सांगायचे आहे ते. वस्तूच्या कपाळावर कारक कोरलेले नसते, हे त्या लोकांनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी ओळखले होते.

प्रवेशाच्या दिवसांत दरवर्षी माझ्यासमोर बसून पालक एक प्रश्न विचारतात. आपल्यांपैकी अनेकांनी तो विचारलेला आहे. “बाई, मराठी तर मुलाला घरी येतेच. मग शाळेतही मराठीत कशाला?” प्रश्न रास्त आहे. मी त्याला वर्षानुवर्षे जी उत्तरे दिली ती संस्कृतीची, अस्मितेची, सयाजीरावांच्या बडोद्याची होती. १९०६ मध्ये ज्या संस्थानाने सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले त्या संस्थानाच्या राजधानीत आपण आहोत, वगैरे. पालक नम्रपणे ऐकत आणि शेजारच्या शाळेत प्रवेश घेत. गेल्या वर्षी पाचवीची एक तुकडी आम्हाला बंद करावी लागली. दोन तुकड्यांची मुले एका वर्गात बसली तेव्हा बाके कमी पडली नाहीत. हे आपल्याला ठाऊक असावे म्हणून सांगते.

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या विषयातच होते, आणि मला ते उशिरा दिसले. ‘मराठी शिकणे’, ‘मराठीत शिकणे’ आणि ‘मराठीने शिकणे’ ही तीन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात मराठी कर्म आहे; ती कोणत्याही शाळेत आठवड्याचे चार तास शिकवता येते. दुसऱ्यात ती पातेले आहे, जागा आहे. तिच्यात इतिहास, भूगोल, गणित ओतले. आपण सगळे बोलताना हेच म्हणतो, ‘मराठीत शिकलो’. पण ‘माध्यम’ या शब्दाचा अर्थ जागा असा नाही. ज्याच्या द्वारे एखादी गोष्ट पोहोचते ते माध्यम. तो शब्द मनाने तृतीयेतला आहे. ज्या मुलाने अपूर्णांक मराठीने उलगडला, बाष्पीभवन मराठीने समजून घेतले, त्याच्या हातात मराठी हे करण आले. आणि पाणिनीचा शब्द वापरायचा तर त्याच्यापुरते ‘साधकतम’. घरी मूल मराठीत राहते. मराठीने विचार तडीस नेण्याचा प्रसंग घरी क्वचित येतो. जेवायला बोलावण्यासाठी भाषेला फारशी धार लागत नाही.

मला येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, आणि येथील पुष्कळांना ती माहीतही आहे. माझी मुलगी या शाळेत शिकली नाही. ती इंग्रजी माध्यमात शिकली. तेव्हा मी येथे साधी शिक्षिका होते, घरच्यांचा आग्रह होता, आणि खरे सांगायचे तर माझाही नकार नव्हता. तिचे काही बिघडले नाही. ती आज एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे आणि उत्तम काम करते. मराठी ती गोड बोलते. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मुलगी रोज येऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेई. एके दिवशी सासूबाईंनी विचारले, “पण हे कशाने झालं गं?” मुलीने सांगायला सुरुवात केली आणि तीन शब्दांवर थांबली. इंग्रजीत सुरू केले, ते आजीला कळेना. मग गुजरातीत दोन वाक्ये झाली. शेवटी ती माझ्याकडे पाहू लागली. सांध्यातली कूर्चा वजनाने आणि वयाने झिजते, एवढेच सांगायचे होते. एका वाक्यात दोन तृतीया. शब्द तिला ठाऊक नव्हता असेही नाही, ‘झिजते’ हा शब्द ती चपलेसाठी रोज वापरते. तिची मराठी प्रेमाला पुरत होती, समजावण्याला पुरत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे, होतं वयानं.” आणि तिचा हात धरून पुढची दहा पावले चालल्या.

मी त्या खोलीत उभी होते. मुख्याध्यापिका म्हणून नव्हे.

यावरून कोणी असे समजू नये की मराठी माध्यमाचे सारे सुरळीत आहे. आपली मुले अकरावीला विज्ञानशाखेत जातात तेव्हा पहिले सहा महिने त्यांचे हाल होतात. ‘प्रकाशसंश्लेषण’ ज्यांना पाठ आहे त्यांना त्याचे इंग्रजी नाव नव्याने शिकावे लागते. तेव्हा रडत आलेली मुले मी पाहिली आहेत. म्हणून यंदापासून आठवीपासूनच्या विज्ञान व गणिताच्या तासाला दोन्ही भाषांतील संज्ञा फळ्यावर शेजारी शेजारी लिहायच्या, असे आम्ही ठरवले आहे. काही ज्येष्ठ माजी शिक्षकांना हे रुचलेले नाही. त्यांचा मान राखून सांगते, एक हत्यार धारदार असले म्हणजे दुसरे गंजू द्यावे असे नाही.

जगात अशा शाळा चालवणारे आपण एकटे नाही. स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवर बास्क लोक राहतात. त्यांच्या भाषेचे जगातल्या कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. फ्रँकोच्या राजवटीत त्या भाषेची गळचेपी झाली. तरी १९६० च्या दशकात पालकांनी एकत्र येऊन बास्क माध्यमाच्या शाळा उभ्या केल्या; त्यांना ‘इकास्तोला’ म्हणतात. आपल्या शाळेच्याच वयाच्या म्हणा. मला त्यांच्या व्याकरणातली एक गोष्ट येथे महत्त्वाची वाटते. बास्क भाषेत कर्त्याला वेगळा प्रत्यय आहे आणि साधनाला वेगळा. आपल्यासारखी त्यांची गल्लत होत नाही. त्या भाषेचे नाव ‘एउस्कारा’. आणि ‘आम्ही आमच्या भाषेत बोलतो’ असे जेथे आपण सप्तमीने म्हणू, तेथे ते साधनाचा प्रत्यय लावून ‘एउस्कारास’ म्हणतात. बास्कने बोलतो. संस्कृतातही ‘संस्कृतेन वद’ असेच म्हणतात, संस्कृताने बोल. मराठीत ‘मराठीने बोल’ हे कानाला चमत्कारिक वाटेल आणि मी तसे बोलण्याचा आग्रह धरणार नाही. भाषेला तिची सवय असते. पण प्रवेशाच्या वेळी समोर बसलेल्या पालकांना मी आता संस्थानाचा इतिहास सांगत नाही. मी त्यांना पातेल्याची गोष्ट सांगते. काही उठून जातात. काही थांबतात.

त्या सहावीतल्या मुलाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्याला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले आणि त्याच्याकडूनच एक तक्ता करून घेतला: ‘आजीने दिले’, ‘बाने आप्युं’, ‘दादी ने दिया’. प्रत्येक वाक्यात साडी कोणाकडे गेली, ते बाणाने दाखवायचे. त्याने तीन आज्या काढल्या, तिघींना चष्मे लावले, आणि गुजराती आजीकडे जाणारा बाण उलटा काढला. मग त्याने मला विचारले, “मोठ्या बाई, मग बरोबर कोण?” मी म्हटले, “तिघीही, आपापल्या घरी.” आता तो आठवीत आहे. विभक्ती त्याची चुकत नाही, अनुस्वार चुकतात.

तो तक्ता आणि मुलांनी केलेले इतर तक्ते पहिल्या मजल्यावर खोली क्रमांक सहामध्ये लावले आहेत. चहापानानंतर आपण सर्वांनी अवश्य पाहावेत. तेथे टेबलावर एक वहीही ठेवली आहे. आपल्या घरी कोणता ‘ने’ चालतो, कोणत्या भाषेची कोणती वाक्ये मुलांच्या तोंडून ऐकू येतात, ती कृपया तिच्यात लिहून ठेवावीत. आम्हाला ती शिकवताना लागणार आहेत. तक्त्यांत चुका आढळल्यास अवश्य खूण करावी. फक्त ती पेन्सिलीने करावी, पेनाने नको. मुलांना सोमवारी ते तक्ते दुरुस्त करायचे आहेत.